ती हुर्यो तुमची होती: फुटबॉल क्लबांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक मंडळ,
नुकताच नको असलेला मॅनेजर नेमणारा कुठलाही फुटबॉल क्लब

स. न. वि. वि.

पत्रावर क्लबचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं असतं तर बाकीच्यांनी 'हे काही आपल्याबद्दल नाही' म्हणून सोडून दिलं असतं. ज्यांना लागू आहे त्यांना लवकरच कळेल. चोराच्या मनात चांदणं असतं.

तुम्ही मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, नेमलात. नाव जाहीर होताच चाहते खवळले. सराव मैदानाच्या फाटकावर बॅनर लागले, घरच्या पहिल्याच सामन्यात त्याचं नाव पुकारल्यावर हुर्यो उडाली, आणि मग तुमचं निवेदन आलं: चाहत्यांनी संयम ठेवावा, नव्या मॅनेजरला वेळ द्यावा, आपण सगळे एक आहोत. अशी निवेदनं मी इतकी वाचली आहेत की वरचं बोधचिन्ह झाकलं तर कुठलं कुणाचं ते सांगता येणार नाही. त्यांत एक गोष्ट मात्र कधीच नसते. हाच माणूस का? यावर ताकास तूर लागू द्यायची नाही आणि वर एकीचं आवाहन करायचं, अशी तुमची रीत.

माझं म्हणणं असं की ती हुर्यो तुमच्यासाठी असते. मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस तेवढा समोर दिसतो, म्हणून आवाज त्याच्या अंगावर जातो. प्रश्न वर काचेमागे बसलेल्यांना विचारलेला असतो. तुम्हालाही हे ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे, कारण त्या माणसाच्या आड तुम्ही फारच सवयीने उभे राहता.

पुरावा म्हणून एकाच माणसाची गोष्ट घेतो, म्हणजे 'प्रत्येक मॅनेजर वेगळा असतो' ही पळवाट तरी बंद होईल. माणूस राफा बेनिटेझ.

19 मे 2012 ला म्युनिकमध्ये, अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी बायर्नच्याच मैदानावर, लंडनच्या चेल्सीने पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. मॅनेजर होता रोबेर्तो दि मातेओ, चेल्सीचाच जुना खेळाडू. सहा महिन्यांनी इटलीच्या युव्हेंटसकडून 3-0 अशी हार झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती नारळ पडला. त्याच्या जागी लगोलग बेनिटेझ आला. हा 2004 ते 2010 लिव्हरपूलचा मॅनेजर. त्या काळात चॅम्पियन्स लीगच्या दोन उपांत्य फेऱ्यांत, 2005 आणि 2007 मध्ये, त्याने चेल्सीला घरी पाठवलं होतं. वर चेल्सीच्या प्रेक्षकांना वाटल्या जाणाऱ्या झेंड्यांवरून टोमणाही मारला होता, आमच्या लोकांना असे झेंडे वाटावे लागत नाहीत अशा अर्थाचा. चाहते असलं काही विसरत नाहीत. 25 नोव्हेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध तो बाहेर आला तेव्हा चेल्सीच्या घरच्या मैदानाने, स्टॅमफर्ड ब्रिजने, त्याचं स्वागत हुर्योने केलं. सोळाव्या मिनिटाला स्टेडियम टाळ्या वाजवू लागलं, कारण दि मातेओच्या शर्टाचा नंबर 16 होता. ती प्रथा पुढे महिनोन्‌महिने चालली.

तुमच्या जातभाईंनी तेव्हा काय केलं? त्याच्या हुद्द्याला 'हंगामी' अशी शेपटी जोडली. आम्हालाही हा तसा नकोच आहे, थोडे दिवस चालवून घ्या, असंच त्यातून सुचवलं. फेब्रुवारी 2013 मध्ये मिडल्सब्रोला हरवल्यावर, म्हणजे सामना जिंकल्यावर, बेनिटेझ पत्रकारांसमोर उखडला. बॅनर रंगवण्यात आणि गाणी म्हणण्यात चाहते वेळ घालवत आहेत, म्हणाला, आणि ती 'हंगामी' पदवी देणं ही क्लबची चूक होती, हेही म्हणाला. मला तर दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. त्या मोसमात त्याने युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, युरोपा लीग, जिंकून दिली, संघ लीगमध्ये तिसरा आला, आणि तो निघून गेला. दि मातेओला का काढलं आणि याला का आणलं, याचं समाधानकारक उत्तर चाहत्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. मालक रोमन अब्रामोविच मुलाखती जवळपास देतच नसत.

आता हाच माणूस न्यूकॅसलमध्ये बघा. मार्च 2016 मध्ये तो आला तेव्हा संघ गटांगळ्या खात होता आणि त्याला तो वाचवता आला नाही. क्लब खालच्या श्रेणीत गेला. निकालच बघायचे तर चेल्सीपेक्षा कितीतरी वाईट. तरीही 15 मे 2016 ला, घसरण पक्की झालेली असताना, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात न्यूकॅसलने टॉटनहॅमला 5-1 हरवलं आणि त्यांचं घरचं मैदान सेंट जेम्स पार्क बेनिटेझच्या नावाने गात राहिलं. जाऊ नकोस, एवढंच त्यांचं मागणं होतं. खालच्या श्रेणीत गेलेल्या संघाच्या मॅनेजरला लोक थांबण्याची गळ घालतात, हे दृश्य फुटबॉलमध्ये रोज दिसत नाही.

तो थांबला. पुढच्या वर्षी खालची लीग जिंकून क्लब वर आला, त्यानंतर दहावा आणि 2018-19 मध्ये 45 गुणांसह तेरावा. मग मालकाशी जमेना, करार संपला, तो गेला. जुलै 2019 मध्ये स्टीव्ह ब्रूस आला. ब्रूस मूळचा त्याच भागातला, लहानपणापासून न्यूकॅसलचा चाहता. मधल्या काळात तो संडरलंड या सख्ख्या वैऱ्यांचा मॅनेजर होता हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. तो नको होता. पहिल्या मोसमात त्याचा संघ 44 गुणांसह तेरावा आला.

परत वाचा. बेनिटेझ 45, ब्रूस 44, दोघेही तेरावे. एक गेला म्हणून लोक हळहळले आणि दुसरा आला म्हणून संतापले, आणि दोघांमध्ये अंतर एका गुणाचं.

मैदानावरच्या निकालांनी हे कोडं सुटत नाही. ते मालकाकडे बघितल्यावर सुटतं. हा मालक, माइक अॅश्ली, खेळाच्या सामानाच्या दुकानांची साखळी चालवायचा. 2011 मध्ये त्याने सेंट जेम्स पार्क हे नाव बाजूला सारून स्टेडियमला आपल्या दुकानांचं नाव दिलं होतं. पुढे जुनं नाव परत आलं, पण राग कुठे जातोय? बेनिटेझ या मालकाकडे खेळाडूंसाठी, सराव मैदानाच्या सुधारणेसाठी तगादा लावत होता, म्हणून तो 'आपला' झाला. ब्रूस मिळेल त्यात भागवायला तयार होता, म्हणून तो 'त्यांचा' ठरला. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी पैशांनी क्लब विकत घेतला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत ब्रूस गेला. त्याचा शेवटचा सामना मॅनेजर म्हणून त्याच्या कारकिर्दीतला हजारावा होता. ब्रूसचं फुटबॉल कंटाळवाणं नव्हतं असं मी म्हणणार नाही, ते होतंच. पण त्याला ऐकाव्या लागलेल्या शिव्यांपैकी मोठा वाटा दुसऱ्याच्या नावचा होता.

गोष्ट अजून संपलेली नाही. न्यूकॅसलने डोक्यावर घेतलेला तोच बेनिटेझ जून 2021 मध्ये एव्हर्टनला आला. लिव्हरपूल शहरातला हा दुसरा क्लब. लिव्हरपूलमध्ये असताना बेनिटेझने एव्हर्टनला 'छोटा क्लब' म्हटलं होतं, 2007 मध्ये. नेमणुकीची बातमी फुटली तेव्हा त्याच्या घराजवळच्या भागात बॅनर लागला की तू कुठे राहतोस ते आम्हाला माहीत आहे, सही करू नकोस. हे सरळसरळ किळसवाणं होतं, त्यावर पुढे बोलतो. सुरुवात मात्र झकास झाली, लीगच्या पहिल्या चार सामन्यांत 10 गुण. मग दुखापती सुरू झाल्या. त्याआधीच्या वर्षांत मालकाने खेळाडूंवर इतका पैसा उधळला होता की त्या उन्हाळ्यात एका खेळाडूपुरती किरकोळ रक्कम सोडली तर हाती काही उरलं नव्हतं. संघ कोसळला. जानेवारी 2022 मध्ये नॉरिचकडून हरल्यावर बेनिटेझला डच्चू मिळाला. ज्यांनी त्याला निवडलं आणि ज्यांनी तिजोरी रिकामी केली ते त्यानंतरही आपापल्या जागी होते.

तीन क्लब, माणूस तोच, डोकं तेच, सराव घेण्याची पद्धतही साधारण तीच. एकीकडे शिव्या, एकीकडे आरती, मग पुन्हा शिव्या. चाहते मॅनेजरला मोजतात असं तुम्ही समजता. ते त्याला नेमणाऱ्यांशी असलेलं आपलं नातं मोजत असतात.

आता तुम्ही अॅलेग्रीचं नाव घ्याल. घ्याच. जुलै 2014 मध्ये, सराव सुरू होऊन दुसरा दिवस उजाडतोय तोच अँतोनिओ काँतेने युव्हेंटस सोडलं. लागोपाठ तीन लीग जिंकून देणारा माणूस तो. दुसऱ्या दिवशी मासिमिलियानो अॅलेग्री हजर. याला त्याच जानेवारीत सासुओलोकडून 4-3 हरल्यावर एसी मिलानने काढून टाकलं होतं, आणि मिलान म्हणजे जुने प्रतिस्पर्धी. सराव केंद्राबाहेर चाहत्यांनी त्याच्या गाडीवर अंडी फेकली, लाथा मारल्या. पुढे काय झालं ते तुम्हाला पाठ असेल: पाच मोसमांत पाच लीग, चार इटालियन कप, चॅम्पियन्स लीगच्या दोन अंतिम फेऱ्या. अंडी फेकणारे साफ तोंडघशी पडले.

पण 2014 च्या युव्हेंटसमध्ये अॅलेग्रीच्या मागे काय होतं तेही सांगा ना. खेळाडू विकत घेणारी, करार करणारी, पगार ठरवणारी यंत्रणा तिथे शाबूत होती. काँते गेला तरी घडी विस्कटली नाही. अॅलेग्रीनेही आल्याआल्या सगळं उपटलं नाही, आधी काँतेचीच तीन बचावपटूंची रचना चालवली आणि खेळाडूंचा विश्वास बसल्यावर हळूहळू चारांवर आला. ते यश जितकं अॅलेग्रीचं तितकंच त्या कार्यालयाचं. तुमचं कार्यालय तसं आहे का? असेल तर खुशाल अॅलेग्रीचं उदाहरण द्या.

कारण मी तुम्हाला लगेच अॅलेक्स मॅकलीश देऊ शकतो. जून 2011. बर्मिंगहॅम सिटीसह चार वर्षांत दोनदा घसरलेला मॅनेजर अॅस्टन व्हिलाने उचलला. व्हिला आणि बर्मिंगहॅम हे एकाच शहरातले हाडवैरी, त्यामुळे निदर्शनं झाली, भिंती रंगल्या. तुम्हा लोकांना त्यात फक्त वैर दिसलं. चाहते मात्र असंही सांगत होते की याचा संघ गोल करत नाही. मोसम संपला तेव्हा व्हिलाचे 38 सामन्यांत सात विजय आणि 17 बरोबऱ्या होत्या, क्रमांक सोळावा. मॅकलीशला दुसऱ्याच दिवशी काढलं. राग तोच, निदर्शनं तशीच, एकीकडे पाच लीग आणि दुसरीकडे सात विजय. आम्ही कधी बरोबर निघतो, कधी चुकतो. तुमचंही तसंच. फरक इतकाच की चुकल्यावर आम्ही तिकीट काढून बघायला येतो आणि तुम्ही पुढच्या मॅनेजरची मुलाखत घेता.

आणि कृपा करून मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचा दाखला काढू नका. डिसेंबर 1989 मध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्याला निरोप देणारा बॅनर लागला, पुढच्या मे महिन्यात एफए कप आला आणि त्यानंतर 13 लीग विजेतेपदं, हे सगळ्यांना माहीत आहे. जगातल्या प्रत्येक गाळात रुतलेल्या मॅनेजरसाठी ही कथा एकदा तरी वापरली गेली आहे. पण फर्ग्युसन आला तेव्हा 'हा कशाला?' असं विचारायची वेळ आली नव्हती. स्कॉटलंडमधला अॅबरडीनसारखा क्लब घेऊन त्याने 1983 मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला हरवलं होतं. निवड समजत होती, निकाल येत नव्हते. तिथे संयम मागता येतो. निवडच कळत नसेल तर आम्ही संयम नेमका कशाबद्दल ठेवायचा?

आमच्या नाराजीला तुम्ही सरसकट 'सोशल मीडियावरचा गोंगाट' म्हणता, हेही मला खुपतं. तिच्यात निरनिराळ्या गोष्टी असतात आणि त्यांना उत्तरंही निरनिराळी द्यावी लागतात. निव्वळ वैर असेल तर ते बऱ्याचदा पोकळ असतं, कधीकधी गमतीदारही. 1998 मध्ये आर्सेनलचा जुना मॅनेजर जॉर्ज ग्रॅहम त्यांच्या कट्टर वैऱ्यांकडे, टॉटनहॅमला, आला. आर्सेनलच्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं तरी कसं? मग टॉटनहॅमच्या चाहत्यांनी मॅनेजरच्या नावाच्या जागी 'रेनकोटवाला माणूस' असं घालून गाणं म्हटलं. पुढच्या वर्षी त्याने लीग कप जिंकून दिला, तरीही रेनकोटच. असल्या रागाची फार काळजी करू नये.

पण 31 मार्च 2013 ला संडरलंडने पाओलो दि कानिओला नेमलं तेव्हाची गोष्ट वेगळी. इटलीतल्या लात्सिओ क्लबचा खेळाडू असताना त्याने मैदानात फॅसिस्ट पद्धतीची सलामी दिली होती आणि आपण फॅसिस्ट असल्याचं बोलूनही दाखवलं होतं. नेमणूक झाली त्याच दिवशी क्लबचे उपाध्यक्ष डेव्हिड मिलिबँड यांनी राजीनामा दिला. स्टेडियमला दिलेला आपला झेंडा डरहॅमच्या खाणकामगारांच्या संघटनेने परत मागितला. ते स्टेडियम एका जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर उभं आहे, म्हणजे घाव कुठे बसला ते बघा. दोन आठवड्यांत दि कानिओच्या संघाने न्यूकॅसलला त्यांच्या घरी 3-0 लोळवलं आणि स्टँडमध्ये जल्लोष झाला. त्या तीन गोलांनी खाणकामगारांना उत्तर मिळालं का? नाही मिळालं. निकालांनी प्रत्येक आक्षेप पुसला जातो हा तुमचा आवडता समज आहे. काही आक्षेप गुणतालिकेच्या बाहेरचे असतात.

आणि काही वेळा तर मॅनेजरला नकोसा करण्याचं काम तुम्ही स्वतःच करता. टॉटनहॅम, 2021. एप्रिलमध्ये, लीग कपच्या अंतिम सामन्याला सहा दिवस असताना, जोसे मोरिन्योला काढलं. पाठोपाठ अध्यक्षांनी चाहत्यांना शब्द दिला की आपण पुन्हा मोकळं, आक्रमक, रंजक फुटबॉल खेळू. मग शोध सुरू झाला. काँतेशी बोलणी फिसकटली. फोन्सेकाशी जवळपास ठरलं आणि मोडलं. गॅट्टूसोचं नाव आलं तेव्हा त्याच्या जुन्या वक्तव्यांवरून चाहते भडकले आणि तेही मागे घेतलं. जून संपता संपता आला नूनो एस्पिरितो सांतो, ज्याची ओळखच मुळी घट्ट बचाव आणि प्रतिहल्ला अशी. म्हणजे वचन एका फुटबॉलचं, नेमणूक दुसऱ्याच फुटबॉलची, आणि हा आपल्या यादीत किती खाली होता हे साऱ्या जगाला ठाऊक.

तो पहिले तिन्ही सामने 1-0 ने जिंकला, त्यांत मँचेस्टर सिटीविरुद्धचाही, आणि ऑगस्टचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. तरी नात्यात ओलावा नव्हताच. 30 ऑक्टोबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध हरत असताना त्याने लुकास मौराला बाहेर काढलं आणि संपूर्ण स्टेडियम उसळलं, तू काय करतोयस ते तुलाच कळत नाही, असं ओरडत. दोन दिवसांनी तो गेला. लीगचे दहा सामने फक्त. मला या माणसाचं खरोखर वाईट वाटतं. तो कुणाशी खोटं बोलला नव्हता. आपण कसं खेळवतो हे त्याने आधीच्या क्लबात, वॉल्व्ह्जमध्ये, चार वर्षं उघडपणे दाखवलेलं होतं. आक्रमक फुटबॉलचं वचन त्याने दिलं नव्हतं, अध्यक्षांनी दिलं होतं.

मॅनेजर बदलत राहिला आणि राग मात्र तसाच राहिला, याचं सगळ्यात उघड उदाहरण ब्लॅकबर्न. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने हा क्लब घेतला. महिन्याभरात सॅम अॅलर्डाइसला काढलं, तेव्हा संघ तेरावा होता. जागी आला स्टीव्ह कीन, मॅनेजर म्हणून अनुभव शून्य. चाहत्यांनी मोर्चे काढले, कीनच्या नावाने शंख केला, मे 2012 मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात मैदानात चक्क कोंबडी सोडली. मालकांचा धंदा कोंबड्यांचा, त्यामुळे निरोप कुणाला होता हे सांगायला नको. त्या रात्री क्लब घसरला. कीन सप्टेंबरमध्ये गेला, पुढचा 57 दिवस टिकला, त्याच्या पुढचा 67. 1995 चा प्रीमियर लीग विजेता 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत होता. कीन वाईट मॅनेजर होता की नाही हा वाद सोडा. ती कोंबडी त्याच्यासाठी नव्हती.

हे सगळं कुणाच्या पैशांवर चालतं? मँचेस्टर युनायटेडने 2024 च्या उन्हाळ्यात एरिक टेन हागचा करार वाढवला आणि 28 ऑक्टोबरला त्याला काढलं. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना मोकळं करण्याचा खर्च 1 कोटी 4 लाख पौंड, क्लबच्याच हिशेबात लिहिलेला. काही आठवड्यांतच, मोसम चालू असताना, उरलेल्या सामन्यांसाठी सदस्यांचं तिकीट 66 पौंड झालं, मुलांची आणि ज्येष्ठांची सवलत बंद. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध आहे असं कुणी कबूल करणार नाही. मीही तसा आरोप करत नाही. तारखा फक्त शेजारी शेजारी ठेवतो.

आता आमच्या बाजूचं. सामना चालू असताना आपल्याच मॅनेजरची हुर्यो उडवली की तिचा पहिला फटका मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या बावीस वर्षांच्या विंगरला बसतो, ज्याला पुढचा पास द्यायचा असतो. आमच्या आवाजाला वजन आहे हे कोविडच्या रिकाम्या स्टेडियमांनी सिद्ध केलं. 2020-21 मध्ये इंग्लंडच्या वरच्या श्रेणीच्या इतिहासात पहिल्यांदा पाहुण्या संघांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकले. असा आवाज जपून वापरायला हवा. शिट्टीनंतर हवं ते ओरडा, सामन्याआधी बॅनर लावा, मोर्चा काढा. आणि कुणाच्या घराजवळ जाऊन धमक्या लावणारे आमचे कुणी लागत नाहीत. ते गुन्हेगार आहेत, त्यांच्याबद्दल पोलिसांकडे जा, आमची हरकत नाही. फक्त त्या मूठभरांचं भूत दाखवून उरलेल्या हजारोंचा प्रश्न बाजूला टाकू नका.

आम्हाला मॅनेजर निवडायचा नाही. 2008 मध्ये एब्सफ्लीट युनायटेड हा क्लब इंटरनेटवरून जमलेल्या हजारो सभासदांनी मिळून विकत घेतला, संघसुद्धा मतदानाने निवडू अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात सभासदांनी संघ निवडणं प्रशिक्षकावरच सोडलं, शहाणपण केलं, आणि काही वर्षांत सभासदच पांगले. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हाती असतं, तरी तिथेही प्रशिक्षक काही सर्वसाधारण सभेत हात वर करून ठरत नाही. इंग्लंडच्या 2025 च्या फुटबॉलविषयक कायद्याने बोधचिन्ह, घरच्या शर्टाचा रंग आणि मैदान यांना संरक्षण दिलं, मॅनेजरच्या नेमणुकीला हात लावला नाही. बरोबरच केलं. तो निर्णय तुमचा आहे. पण निर्णय तुमचा तर त्याचं तोंडही तुमचंच असायला हवं.

म्हणून नेमणुकीच्या दिवशी मॅनेजरला स्कार्फ धरून फोटोला उभं करण्याआधी एक पान लिहा. हाच का, हे त्यात असू द्या. यादीतले पहिले चार नाही म्हणाले म्हणून असेल तर तसं लिहा, आम्ही हसू पण विश्वास ठेवू. संघ कसा खेळेल अशी तुमची कल्पना आहे आणि त्यासाठी खेळाडू आहेत की आणायचे आहेत, ते लिहा. आणायचे असतील तर पैसे आहेत का? मोसमाच्या शेवटी कशावरून म्हणायचं की निवड जमली? आणि निवड कुणी केली, नावानिशी. 'क्लबने निर्णय घेतला' हे वाक्य चालणार नाही, क्लब म्हणजे आम्हीही आहोत आणि आम्ही घेतलेला नाही.

उद्या त्याला नारळ द्याल, द्यालच, तेव्हा तेच पान बाहेर काढा आणि ज्याचं नाव खाली आहे त्याने पत्रकारांसमोर बसावं. मॅनेजर दर सामन्यानंतर बसतो, जिंकला तरी आणि 4-0 हरला तरी. अॅलर्डाइस, ब्रूस, नूनो, सगळे बसले. तुम्ही वर्षातून दोनदा बसायला काय हरकत आहे?

शनिवारी घरचा सामना आहे. ते पान त्याआधी फाटकावर लागलं तर उत्तम. खाली सही असू द्या, आणि ती मॅनेजरची नको.

कळावे. लोभ कमी-जास्त झालाच आहे.

आपला,
पुढच्या मोसमाचे पैसे आधीच भरून बसलेला एक सीझन तिकीटधारक